कडं सांध्यावर सुटतं: एसपीजी कशी झाली आणि तिला काय दुखतं

आमच्या शेजारची मुलगी गेल्या वर्षी पोलिसांत उपनिरीक्षक झाली. परवा तिला पहिल्यांदाच व्हीव्हीआयपी बंदोबस्त लागला आणि ती संध्याकाळी एसपीजीबद्दल, म्हणजे पंतप्रधानांना जपणाऱ्या विशेष संरक्षण दलाबद्दल, तीन प्रश्न घेऊन आली. "काका, एसपीजी मुळात झाली कशी? एवढी संस्था असताना पंजाबात पंतप्रधानांचा ताफा पुलावर अडकलाच कसा? आणि सगळं तेच बघत असतील, तर मला सकाळपासून एका विजेच्या खांबापाशी उभं करून काय साधतं?" तोंडी उत्तर दिलं, पण ते मलाच अपुरं वाटलं. म्हणून हे तिलाच सविस्तर लिहितो आहे.

आधी माझं स्थान सांगतो. मी एसपीजीत कधी नव्हतो. ३४ वर्षं मध्य प्रदेश पोलिसांत काढली, त्यातली बरीचशी ग्वाल्हेर आणि आसपासच्या जिल्ह्यांत. शिपाई कुठे उभा करायचा, गल्ली कुठून बंद करायची, कोणत्या गच्चीवर माणूस चढवायचा, हे माझं काम. एसपीजीचं पथक पाहणीला आलं की त्यांच्याबरोबर पायी फिरायचं, तेही माझंच काम. म्हणजे मी हे सगळं बाहेरच्या कड्यावरून पाहिलं आहे. तिथून एक गोष्ट फार स्पष्ट दिसते. आतलं कडं सहसा आतून तुटत नाही. दोन दलांच्या, दोन खात्यांच्या, कधी दोन ठाण्यांच्या हद्दी जिथे जुळतात, तिथे ते सुटतं. एसपीजीचा सगळा इतिहास मला याच सांध्यांचा इतिहास वाटतो.

सुरुवात १९८४ पासून करतात सगळे. मी ग्वाल्हेरचा मराठी माणूस, मला १९४८ पासून करावी लागते. गांधीजींवर ज्या बेरेटा पिस्तुलातून गोळ्या झाडल्या गेल्या, ते पिस्तूल आमच्या ग्वाल्हेरातून गेलं होतं. २८ जानेवारीला गोडसे आणि आपटे इथे होते, आणि ३० तारखेला संध्याकाळी बिर्ला भवनात ते घडलं. माझ्या लहानपणी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांत हा विषय निघाला की मोठी माणसं आवाज खाली आणायची. पोलिसांत गेल्यावर मी त्याच घटनेकडे दुसऱ्या बाजूने पाहू लागलो, आणि तेव्हा जास्तच त्रास झाला. कारण दहा दिवस आधी, २० जानेवारीला, त्याच प्रार्थनासभेजवळ मदनलाल पाहवाने स्फोट केला होता आणि तो जागीच पकडला गेला होता. त्याच्या जबाबात एका मराठी वर्तमानपत्राच्या संपादकाचा उल्लेख आला होता. मुंबईत एका प्राध्यापकाने मदनलालबद्दल थेट गृहमंत्र्यांना सांगितलं होतं. दिल्लीकडे एक धागा, मुंबईकडे दुसरा, आणि संपादक, म्हणजे गोडसे, पुण्याचा. तिन्ही धागे एका टेबलावर आले असते तर नाव निघायला वेळ लागला नसता. ते आले नाहीत. न्यायमूर्ती कपूर यांच्या आयोगाने १९६९ च्या अहवालात हे सगळं तपशिलात मांडलं आहे. बिर्ला भवनात स्फोटानंतर पोलीस वाढवले होते, पण सभेला येणाऱ्यांची झडती घ्यायला गांधीजींनी साफ नकार दिला होता. ज्याला जपायचं त्यालाच ते जपणं नको असतं, ही अडचण तेव्हापासूनची आहे. पुढे तीच राजीव गांधींच्या बाबतीत आडवी आली.

स्वातंत्र्यानंतर पुष्कळ वर्षं पंतप्रधानांची सुरक्षा म्हणजे दिल्ली पोलिसांच्या अनेक कामांपैकी एक काम होतं. १९८१ मध्ये गुप्तचर विभागाच्या हाताखाली एक विशेष कृती दल उभं राहिलं. पंतप्रधान बाहेर पडल्या की भोवतीचं कडं आणि ताफा त्यांच्याकडे, घर मात्र दिल्ली पोलिसांकडेच, आणि इंडो-तिबेट सीमा पोलिसांचे जवान आणखी वेगळे. एका अंगणात तीन वर्द्या आणि तिघांचे तीन साहेब.

३१ ऑक्टोबर १९८४ ची सकाळ प्रत्येक नव्या अधिकाऱ्याने मिनिटामिनिटाने वाचावी असं मला वाटतं. इंदिराजी सफदरजंग रोडच्या घरातून शेजारच्या अकबर रोडच्या कार्यालयाकडे पायी निघाल्या होत्या. टीव्हीसाठी मुलाखत होती, म्हणून अंगात चिलखती जाकीट नव्हतं. मधल्या फाटकावर उपनिरीक्षक बेअंतसिंग आणि शिपाई सतवंतसिंग, दोघेही दिल्ली पोलिसांचे. सुवर्णमंदिरातल्या लष्करी कारवाईनंतर शीख अंगरक्षकांना घरच्या पहाऱ्यावरून हलवावं असा सल्ला गुप्तचरांनी दिला होता, तो पुढे फिरवला गेला. यावर लोक दोन टोकांची मतं देतात, मला दोन्ही पटत नाहीत. धर्म बघून माणूस काढणं हे सुरक्षेचं शास्त्र नव्हे, आणि एखाद्या माणसाच्या मनात काय खळबळ चालली आहे हे न तपासता त्याला पुन्हा फाटकावर उभं करणंही नव्हे. पाहायचं होतं ते माणसाकडे, एकेकाकडे. रजेवर कुठे गेला होता, परत आल्यावर कसा वागतो, कोणाला भेटतो. ते पाहणं कोणा एकाचं काम म्हणून ठरलेलंच नव्हतं.

मला सगळ्यात जास्त खुपतो तो ड्यूटी बदलण्याचा भाग. सतवंतसिंगने तब्येतीचं कारण सांगून आपली जागा बदलून घेतली आणि दोघे एकाच फाटकाशी आले. पहाऱ्यावरची अदलाबदल ही आपल्याकडे रोजची गोष्ट. "साहेब, पोट बिघडलंय, मला जवळचा पॉइंट द्या." मीही शेकडो वेळा हो म्हटलं असेल. माझ्या पुढच्या सगळ्या नोकरीत, व्हीव्हीआयपी ड्यूटीवर आयत्या वेळी पॉइंट बदलून मागणाऱ्याला मी सरळ घरी पाठवत आलो, पॉइंट बदलून दिला नाही. काही जण रागावले. रागावू दिलं.

गोळ्या झाडल्यानंतरचं तर वाचवतही नाही. घरी रुग्णवाहिका उभी होती, तिचा चालक जागेवर नव्हता. शेवटी अँब्यासिडर गाडीच्या मागच्या सीटवर घालून एम्सला नेलं. एम्सला आधी कोणी फोनही केला नव्हता. आणि पकडलेल्या दोघांपैकी बेअंतसिंगला चौकीच्या खोलीत गोळी लागून तो तिथेच मेला. म्हणजे सगळ्यात मोठा साक्षीदार आपल्याच ताब्यात गेला.

एसपीजी यातून जन्मली. गृहमंत्रालयाने १८ फेब्रुवारी १९८५ ला बीरबल नाथ समिती नेमली, समितीने महिनाभरात विशेष संरक्षण दल उभारण्याची शिफारस केली, ३० मार्चला ८१९ पदं मंजूर झाली आणि ८ एप्रिल १९८५ हा स्थापनादिवस ठरला. सरकारी कामाचा वेग ज्यांना माहीत आहे त्यांना हे वाचून आश्चर्य वाटेल. एवढ्या घाईत भीती होती आणि पश्चात्तापही होता. दल कॅबिनेट सचिवालयाखाली ठेवलं, म्हणजे ना दिल्ली पोलिसांचं ना एखाद्या निमलष्करी दलाचं. सगळ्या वर्द्या उतरवून एकच साहेब, असा तो विचार होता आणि तो बरोबर होता.

तीन वर्षं हे दल नुसत्या सरकारी आदेशावर चाललं. १९८८ मध्ये संसदेने कायदा केला. त्या कायद्यात निकटच्या सुरक्षेची जी व्याख्या आहे ती तू एकदा नीट वाच. रस्ता, रेल्वे, विमान, बोट, पायी, कोणत्याही प्रवासात आणि कार्यक्रमाच्या, मुक्कामाच्या जागी अगदी जवळून दिलेलं संरक्षण. त्यात अंगाभोवतीचं कडं येतं, लोकांना दूर ठेवणारं कडं येतं, मंच येतो आणि जवळ कोण जाऊ शकतं यावरचा ताबा येतो. बस्स. त्याच्या बाहेरचा रस्ता, पूल, गच्च्या, गर्दी, वाहतूक, निदर्शनं, हे सगळं राज्याच्या पोलिसांचं. म्हणूनच त्याच कायद्यात कलम १४ आहे. प्रत्येक मंत्रालयाने, राज्य सरकारने, स्थानिक संस्थेने, लष्करी वा मुलकी अधिकाऱ्याने एसपीजीला मदत केलीच पाहिजे. एसपीजीचं बळ आणि दुबळेपणा दोन्ही याच जोडीत आहेत. आतलं सगळं त्यांच्या हातात, बाहेरच्यासाठी दुसऱ्याच्या हाताकडे पाहायचं.

दल नवं असतानाच हा सांधा दिसला होता. २ ऑक्टोबर १९८६, राजघाट. गांधीजयंतीच्या सकाळी राजीव गांधी समाधीकडे येत असताना झाडीत लपलेल्या एका तरुणाने गावठी बंदुकीतून बार काढला. पहिला आवाज लोकांना मोटारसायकलचा वाटला. कोणी झाडी उपसून पाहिली नाही. प्रार्थना झाली, मंडळी परत निघाली, तेव्हा त्याने पुन्हा गोळ्या झाडल्या. सुदैवाने काही जण किरकोळ जखमी होण्यावर भागलं. पुढच्या वर्षी कोलंबोत सलामीच्या रांगेतल्या एका श्रीलंकन नौसैनिकाने राजीव गांधींवर बंदुकीचा दस्ता उगारला. ते खाली वाकले म्हणून फटका खांद्यावर निभावला. दुसऱ्या देशाच्या सलामीच्या रांगेत आपलं कडं उभं राहू शकत नाही, तिथे यजमानावर विश्वास ठेवावाच लागतो.

आणि मग १९९१. त्याच्याबद्दल लिहिताना मला अजूनही वाईट वाटतं. १९८८ च्या कायद्यात संरक्षण पंतप्रधानांपुरतं आणि त्यांच्या कुटुंबापुरतं होतं. डिसेंबर १९८९ मध्ये सरकार बदललं, राजीव गांधी पंतप्रधान राहिले नाहीत आणि त्यांची एसपीजी काढली गेली. कायद्याच्या अक्षराप्रमाणे ते बरोबर होतं. पण धोका पदाबरोबर जात नाही, हे साध्या हवालदारालाही कळतं. ज्यांना त्यांना मारायचं होतं त्यांचं कारण खुर्चीशी बांधलेलं नव्हतं, ते श्रीलंकेत घेतलेल्या निर्णयांशी बांधलेलं होतं. २१ मे १९९१ च्या रात्री श्रीपेरंबुदूरला हार घेऊन उभ्या असलेल्या बाईला एका महिला उपनिरीक्षकाने मागे सारायचा प्रयत्न केला होता. पुढे येऊ द्या, असं स्वतः राजीवजींनीच खुणावल्याचं सांगतात. त्यांच्याबरोबर त्यांचा अंगरक्षक गेला, बंदोबस्तावरचे पोलीसही गेले. न्यायमूर्ती वर्मा आयोगाने केंद्र, गुप्तचर, राज्याचे पोलीस आणि सभेचे स्थानिक आयोजक, सगळ्यांच्या चुका दाखवल्या. एसपीजी काढताना तिच्या तोडीची पर्यायी व्यवस्था उभी केली नाही, हा त्यातला मला सगळ्यात मोठा मुद्दा वाटतो. काढणाऱ्याने काढली, पुढची जबाबदारी कोणाची हे लिहून कोणी दिलं नाही.

बाळा, त्या महिला उपनिरीक्षकाबद्दल तू विचार कर. तिने आपलं काम केलं होतं.

त्यानंतर कायदा मागेपुढे होत राहिला. १९९१ मध्ये माजी पंतप्रधान आणि त्यांचं कुटुंब आत आलं, पुढे मुदत १० वर्षांपर्यंत वाढली, २००३ मध्ये ती १ वर्षावर आली आणि त्यापुढे धोक्याचा आढावा घेऊन ठरवायचं असं झालं. २०१९ मध्ये आधी मनमोहन सिंग यांची आणि मग सोनिया, राहुल आणि प्रियांका गांधी यांची एसपीजी काढून त्यांना केंद्रीय राखीव पोलीस दलाची झेड प्लस सुरक्षा दिली, आणि कायदाही बदलला. आता पदावरचे पंतप्रधान आणि अधिकृत निवासस्थानी त्यांच्याबरोबर राहणारं कुटुंब, आणि माजी पंतप्रधानांना पद सोडल्यापासून ५ वर्षं.

माझं मत विचारशील तर, दल एका पदापुरतं ठेवणं मला मान्य आहे. पाच-सहा घरांत वाटलेलं दल कुठेच पूर्ण ताकदीने उभं राहत नाही. पण कोणाला किती धोका आहे हे ज्या सरकारला राजकीय फायदातोटा आहे त्याच सरकारच्या मंत्रालयात ठरतं, हे मला कधीच पटलं नाही, कोणत्याही पक्षाच्या काळात पटलं नाही. निर्णय बरोबर असला तरी समोरच्याला तो सूडाचा वाटतो. धोक्याचा आढावा घेणाऱ्या समितीत एखादा निवृत्त न्यायाधीश असावा आणि तिची कारणं निदान संबंधित माणसाला लेखी मिळावीत, एवढं व्हायला हवं. खर्चाबद्दल लोक बोलतात, २०२०-२१ च्या अर्थसंकल्पात एसपीजीला सुमारे ५९२ कोटी रुपये होते. रक्कम मोठी आहे. १९८४ आणि १९९१ नंतर या देशाने काय मोजलं, ते पाहिलेल्या माणसाला मात्र ती फार वाटत नाही.

आता जवळचं एक सांगतो, म्हणजे एसपीजीचा माणूस काम कसं करतो ते कळेल. अटलजी पंतप्रधान होते तेव्हाची गोष्ट. त्यांचं वडिलोपार्जित घर आपल्या शिंदे की छावणीत, कमलसिंह का बाग भागात. त्या दौऱ्याच्या कार्यक्रमात ते घर नव्हतं. तरीही एसपीजीच्या पथकाने त्या गल्ल्या पायी पाहायचं ठरवलं, कारण माणूस आपल्या गावात आला की गाडी कुठे वळेल सांगता येत नाही. दौऱ्याआधी जी एएसएलची बैठक होते, म्हणजे एसपीजी, जिल्हा प्रशासन, पोलीस, गुप्तचर, आरोग्य, अग्निशमन, वीज, बांधकाम सगळे एकत्र बसून मिनिटाचा कार्यक्रम आणि प्रत्येकाची जबाबदारी कागदावर आणतात ती, ती आदल्या दिवशी झाली होती. माझ्याबरोबर दिलेला अधिकारी दक्षिणेकडचा होता, हिंदी जेमतेम. उन्हाळ्याचे दिवस. एका मराठी आजींच्या गच्चीवर आम्ही चढलो तर कठड्यापाशी ओळीने सात-आठ चिनी मातीच्या बरण्या, तोंडाला पांढरे दादरे बांधलेल्या. लोणच्याला ऊन दाखवायला ठेवलेल्या.

त्याने विचारलं, यात काय? मी सांगितलं. तो म्हणाला, उघडायला सांगा. आजी भडकल्या. कृष्णबिहारी मास्तरांच्या मुलाला माझ्या लोणच्याची कसली भीती, म्हणाल्या. मी त्यांना हात जोडले. मग त्यांनी स्वतः एकेक दादरा सोडला आणि तो माणूस प्रत्येक बरणीपाशी गुडघे टेकून वाकून पाहत गेला. एकही सोडली नाही. सातवीत कैरीचं, आठवीत खारातल्या मिरच्या. सगळं पाहून झाल्यावर तो बरण्या होत्या तिथेच उभा राहिला, आणि तिथून गल्लीकडे पाहिलं. समोर, सरळ रेषेत, वाजपेयींच्या घराकडे वळणारा कोपरा. मग तो हळूच म्हणाला, बरण्यांना हरकत नाही, पण उद्या ही जागा रिकामी हवी आणि इथे तुमचा एक माणूस हवा. मी उठून कठडा पाहिला होता, बरण्याही पाहिल्या होत्या. तो कोपरा मी पाहिला नव्हता. आजींनी बरण्या आत घेतल्या आणि त्या माणसाला दोन फोडी वाटीत घालून दिल्या. त्याने ड्यूटीवर असल्याचं सांगून हात जोडले. त्यांच्यात बाहेरचं काही खायची पद्धत नाही, हे मी आजींना नंतर समजावलं, तरी त्यांना ते लागलंच.

इतकं बारकाईने काम करणाऱ्या दलाचा ताफा ५ जानेवारी २०२२ ला फिरोजपूर जिल्ह्यात पुलावर १५-२० मिनिटं उभा राहिला. बेत हेलिकॉप्टरने हुसैनीवालाला जायचा होता. पाऊस आणि खराब हवा, म्हणून बठिंड्याहून रस्त्याने जायचं ठरलं, दोन तासांपेक्षा जास्त वाट. राज्याच्या पोलिसांकडून रस्ता मोकळा असल्याचा होकार घेतल्यावर ताफा निघाला, असं गृहमंत्रालयाने सांगितलं. पुढे आंदोलकांनी रस्ता अडवलेला. सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांची समिती नेमली. अहवालाचा निष्कर्ष ऑगस्टमध्ये न्यायालयात वाचून दाखवला गेला: पुरेसं दल हाताशी होतं, दोन तास आधी कल्पना होती, तरीही फिरोजपूरच्या वरिष्ठ पोलीस अधीक्षकांनी कायदा-सुव्यवस्था राखण्याचं कर्तव्य पार पाडलं नाही.

आपल्या मुलखात त्यावर पक्षाप्रमाणे वाद झाले. मला त्या वीस मिनिटांत दिसतं ते वेगळं आहे. पर्यायी रस्ता कागदावर प्रत्येक दौऱ्यात असतो. हवा बिघडली तर रस्त्याने जायचं, हे एएसएलच्या कागदात लिहिलेलंच असतं. पण शिपाई उभे राहतात ते मुख्य मार्गावर. पर्यायी मार्गावर बहुतेक वेळा नावापुरते. हेलिकॉप्टर उडणारच, असं मनोमन सगळ्यांनी धरलेलं असतं. मी स्वतः असं धरलं आहे. पंतप्रधान १७ सप्टेंबर २०२२ ला चित्त्यांसाठी कुनोला गेले ते ग्वाल्हेरच्या विमानतळावर उतरून पुढे हेलिकॉप्टरने. मी तेव्हा निवृत्त होतो. पण त्या दिवशी सकाळी उठून आधी आभाळ पाहिलं. माझ्याच्याने राहवलं नाही.

फक्त आपल्याकडेच असं होतं असं समजू नकोस. अमेरिकेची सिक्रेट सर्व्हिस १८६५ मध्ये खोट्या नोटा पकडायला निघाली. १९०१ मध्ये अध्यक्ष मॅकिन्ले यांची हत्या झाल्यावर अध्यक्षांचं रक्षण तिच्याकडे आलं. म्हणजे तिथेही आधी माणूस गेला, मग व्यवस्था आली. १९६३ मध्ये केनेडी, १९६८ मध्ये त्यांच्या भावाच्या खुनानंतर निवडणुकीतल्या उमेदवारांनाही संरक्षण. मार्च १९८१ मध्ये रेगन यांच्यावर गोळीबार झाला तेव्हा त्यांच्या माणसांनी काही क्षणांत त्यांना गाडीत ढकललं, एकाने गोळी स्वतःच्या अंगावर घेतली, आणि गाडी व्हाइट हाऊसकडे न नेता रुग्णालयाकडे वळवली. अध्यक्ष वाचले. तीच संस्था १३ जुलै २०२४ ला पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावी ट्रम्प यांच्या सभेत चुकली. मंचापासून दीडशे मीटरच्या आत असलेल्या एका इमारतीच्या छपरावर हल्लेखोर चढला. ती इमारत सिक्रेट सर्व्हिसच्या कड्याबाहेर, स्थानिक पोलिसांच्या वाट्याला होती. तो माणूस संशयास्पद वाटतो हे स्थानिक पोलिसांना आधीच दिसलं होतं, पण त्यांचा वायरलेस वेगळा. ट्रम्प यांच्या कानाला गोळी चाटून गेली, सभेतला एक माणूस मेला, संचालिकेने दहा दिवसांत राजीनामा दिला. शिंदे की छावणीतल्या त्या गच्चीची आठवण मला तेव्हा झाली. तिथे कोणीतरी कठड्यापाशी उभं राहून मंचाकडे पाहायला हवं होतं, एवढंच.

दलाच्या आतलंही थोडं सांगतो. एसपीजीत थेट भरती नाही. सीमा सुरक्षा दल, राखीव पोलीस दल, औद्योगिक सुरक्षा दल, राज्यांचे पोलीस, इथून माणसं प्रतिनियुक्तीवर येतात, कठीण चाचण्यांतून निवडली जातात आणि काही वर्षांनी परत जातात. टेकनपूरची सीमा सुरक्षा दलाची अकादमी आपल्याला जवळ, तिथे शिकलेले आणि पुढे एसपीजीत गेलेले काही जण माझ्या ओळखीचे आहेत. घरी काय सांगायचं, किती सांगायचं यावर बंधन. सण, मुलांच्या परीक्षा, आईवडिलांची आजारपणं, सगळं दुसऱ्याच्या भरवशावर. परत आपल्या दलात गेल्यावर त्यांना कळतं की इथे बरोबरीचे लोक बढतीत पुढे निघून गेलेत आणि आपल्या कौशल्याचा इथे कोणाला उपयोग नाही. ज्याने पाच-सहा वर्षं पंतप्रधानांच्या चार फुटांवर उभं राहून गर्दीतले हात वाचले, त्याला परत जाऊन भांडारघर सांभाळावं लागलं, हे मी पाहिलं आहे. अशा माणसांना राज्यांच्या प्रशिक्षण केंद्रांवर नेमावं, म्हणजे आपल्यासारख्या बाहेरच्या कड्यातल्या लोकांना आतलं काय हवं ते समजेल. दोन कड्यांमधला सांधा बळकट करायचा याहून स्वस्त उपाय मला दिसत नाही.

आणि नेत्यांचं लोकांत मिसळणं. जानेवारी २०२३ मध्ये हुबळीत रोड शो चालू असताना एक मुलगा हार घेऊन थेट पंतप्रधानांच्या गाडीपाशी पोचला होता. निभावलं, कारण हातात हारच होता. श्रीपेरंबुदूरलाही हारच होता. लोकशाहीत नेता काचेमागे राहू शकत नाही हे मला समजतं. पण गाडीतून उतरायचा निर्णय नेत्याचा आणि जाब मात्र खांबापाशी उभ्या पोलिसाला, हे काही बरोबर नाही.

आता तुझा तिसरा प्रश्न, खांबाचा. त्याचं उत्तर माझ्या स्वतःच्या चुकीत आहे. मी एका ठाण्याचा टीआय, म्हणजे ठाण्याचा प्रमुख निरीक्षक होतो. एक मोठे पाहुणे येणार होते, ताफ्याचा मार्ग माझ्या हद्दीतून पुढच्या ठाण्याच्या हद्दीत जात होता. हद्द एका नाल्यावर बदलायची. नाल्याच्या अलीकडे शेवटचा पॉइंट माझा, पलीकडे पहिला पॉइंट त्यांचा, आणि नाल्याच्या कडेने एक कच्ची वाट रस्त्याला येऊन मिळायची. माझ्या नकाशात ती वाट त्यांची होती, त्यांच्या नकाशात माझी. रिहर्सलला तिथून कोणी आलं नाही, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. खऱ्या दिवशी पुढची पायलट गाडी गेल्यानंतर त्या वाटेने एक दूधवाला मोटारसायकलवर दोन कॅन लटकवून रस्त्यावर आला आणि ताफा पाहून भांबावून मध्येच थांबला. मागच्या गाडीतला माणूस दार उघडून अर्धा बाहेर आला होता, हात कमरेकडे. माझा एक शिपाई, ज्याचा तो पॉइंटही नव्हता, पन्नास पावलं धावत गेला आणि त्याने मोटारसायकलीसकट दूधवाल्याला नाल्याकडे लोटलं. दूध सगळं सांडलं. तो गरीब माणूस थोडक्यात वाचला, आमच्याच माणसाच्या गोळीपासून वाचला. मला लेखी खुलासा द्यावा लागला आणि तो मी योग्यच समजतो. पैसे खिशातून देऊन आलो त्याला, पण त्याचे थरथरणारे हात अजून दिसतात.

म्हणून रिहर्सलच्या दिवशी तू एवढं कर. तुझ्या खांबापाशी पोचलीस की आधी पाठ रस्त्याकडे कर आणि मागे काय आहे ते पाहा: कोणती गल्ली, कोणतं दार, कोणती गच्ची. मग डाव्या आणि उजव्या हाताच्या पॉइंटवर चालत जा, तिथे कोण आहे त्याचं नाव आणि फोन वहीत लिहून घे, तुझं त्यांना दे. दोघांच्या मधली प्रत्येक वाट कोणाची, ते तोंडाने बोलून ठरवा. मनातल्या मनात धरून चालू नका. पाण्याची बाटली आणि गुळाचा खडा जवळ ठेव, जेवणाची पाकिटं वेळेवर येत नाहीत. आणि रात्री मला फोन करून सांग, तुमच्या ठाण्याची हद्द नेमकी कोणत्या खांबापाशी संपते.